विंच अर्ध्या ओढीत दम सोडते, सोलेनॉइड नुसता कटकटतो: दोष शोधायचा कसा

लक्षणं जवळजवळ सगळीकडे सारखीच. दारात, कोरड्या जागी दोर सोडून गुंडाळला तर विंच (मोटरने ड्रमवर दोर गुंडाळून रुतलेली गाडी ओढणारं यंत्र) सुरेख चालते. गाडी चिखलात रुतली की मात्र पहिले पाच-सात सेकंद ओढते, मग आवाज जड होतो, ड्रम मंदावतो, आणि शेवटी बटण दाबलं की कंट्रोल बॉक्समधून नुसतं कट-कट-कट. दहा-पंधरा मिनिटं थांबलं की थोडी चालते आणि पुन्हा तेच. इंदूरच्या आसपास, चोरल, तिंछा, जानापावकडच्या शेतरस्त्यांवर, पावसाळा लागला की हे दुखणं डोकं वर काढतं. बहुतेक जण सोलेनॉइड, म्हणजे मोटरचा करंट जोडणारा-तोडणारा विजेचा स्विच, बदलून घेतात. पुढच्या पावसाळ्यात तोही जातो, मग मोटर बदलायची भाषा सुरू होते.

सोलेनॉइड हा या प्रकरणात बहुधा बळी असतो, गुन्हेगार नव्हे. म्हणून तपासाचा क्रम असा ठेवा: आधी भार, मग व्होल्टेज, आणि सगळ्यात शेवटी विंच. उलट्या क्रमाने गेलात तर पैसे जातात आणि दोष जागेवरच राहतो.

भारच जास्त आहे का?

विंचवर छापलेला आकडा ड्रमवरच्या पहिल्या थराचा असतो, म्हणजे जवळजवळ सगळा दोर बाहेर सोडलेला असतानाचा. दोराचा प्रत्येक थर वाढला की ड्रमचा व्यास वाढतो आणि ओढ कमी होते. ९५०० पाउंडाची, म्हणजे ४३०० किलोची विंच घ्या. ड्रम ६४ मिलिमीटर व्यासाचा, वायर रोप ८ मिलिमीटरची. पहिल्या थरावर ४३०० किलो. दुसऱ्यावर साधारण ३५००, तिसऱ्यावर ३०००, चौथ्यावर २६०० च्या आत. ड्रम पूर्ण भरलेला ठेवून चार-पाच मीटरवरच्या झाडाला हुक लावला, तर तुमच्या हातात ४३०० किलोची विंच नसतेच.

आता समोरचा भार. सामान आणि माणसांसह सव्वादोन टनांची गाडी चाकाइतक्या खोल चिखलात बसली तर ओढीला होणारा विरोध ढोबळमानाने गाडीच्या वजनाएवढा धरतात. मडगार्डपर्यंत बसली तर दुप्पट, म्हणजे साडेचार टन. त्याहून वर चिखल आला तर तिप्पट. माळव्यातली काळी माती या हिशेबात आणखी त्रास देते. ती पाणी पिऊन फुगते, चाकाला आणि चॅसिसच्या पोटाला चिकटून बसते, आणि पहिल्या हालचालीला सोडतच नाही. एकदा गाडी हलली की विरोध झपाट्याने कमी होतो; विंचचा जीव जातो तो त्या पहिल्या वीतभर अंतरात.

साडेचार टनांच्या विरोधापुढे तीन टनांची ओढ थांबणारच. हा बिघाड नाही. इलाज दोन. पहिला फावड्याचा: चारही चाकांच्या पुढची माती उतरत्या कडेने काढा, डिफरन्शियलखालची मोकळी करा, पोटाखाली हवा शिरू द्या. आळस येतो, पण वीस मिनिटांच्या खोदकामाने विंचचा भार जेवढा उतरतो तेवढा कुठल्याही महागड्या सुट्या भागाने उतरत नाही.

दुसरा इलाज स्नॅच ब्लॉक, म्हणजे उघडून दोर आत बसवता येणारी कप्पी. झाडाला पट्टा, पट्ट्याला ब्लॉक, आणि दोर ब्लॉकमधून फिरवून परत आपल्याच गाडीच्या चॅसिसवरच्या पक्क्या रिकव्हरी पॉइंटला. ओढ जवळजवळ दुप्पट होते (घर्षणात पाच ते दहा टक्के जातात) आणि वेग निम्मा होतो. शिवाय दोरही दुप्पट बाहेर जातो, म्हणून ड्रम खालच्या थरावर येतो. झाड दहा मीटरवर असेल आणि दोर पंचवीस मीटरचा असेल, तर एकेरी दोराला ड्रमवर पंधरा मीटर उरतो, म्हणजे तिसरा थर. दुहेरीला पाचच मीटर उरतो, म्हणजे पहिला. तीन टनांच्या जागी साडेसात टनांच्या पुढची क्षमता मिळते. मात्र ब्लॉकवर आणि झाडाच्या पट्ट्यावर दोराच्या ताणाच्या दुप्पट भार येतो, हे विसरू नका. तिथे १९ मिलिमीटरचं, ४.७५ टनांचं शॅकल (पिनेने बंद होणारी लोखंडी कडी) अपुरं पडू शकतं. २२ मिलिमीटरचं ६.५ टनांचं किंवा २५ मिलिमीटरचं ८.५ टनांचं वापरा. शॅकलवर टनांचा आकडा ठोकलेला नसेल तर ते दुकानातच राहू द्या, दिसायला कितीही जाड असो.

विंच घेताना गाडीच्या पूर्ण भारित वजनाची दीडपट हा किमान नियम आहे. सव्वादोन टनांना ३३७५ किलो, म्हणजे साडेसात हजार पाउंडांच्या आसपास. ८००० पाउंडाची कागदावर बसते, पण काळ्या मातीसाठी ९५०० च्या खाली जाऊ नका.

व्होल्टेज: इथेच बहुतेक चोर सापडतो

१२ व्होल्टची ९५०० पाउंडाची विंच नुसती फिरताना ७० ते १०० अँपिअर घेते. पूर्ण भारावर हाच आकडा ४०० च्या घरात जातो. गाडीचा अल्टरनेटर इंजिन वाढवल्यावरही शंभरेक अँपिअरच देतो, आणि आयडलवर त्याच्या निम्माच. उरलेले ३०० बॅटरीतून जातात: मिनिटाला ५ अँपिअर-तास. ७० अँपिअर-तासांच्या बॅटरीतून पाच मिनिटांच्या ओढीत एक तृतीयांशाहून जास्त निघून गेले. शिवाय इतक्या जोरात उपसल्यावर बॅटरी लेबलवरची पूर्ण क्षमता देतच नाही. दारात चालणारी विंच रानात का थांबते, याचं अर्धं उत्तर हे.

उरलेलं अर्धं केबल आणि जोडांमध्ये आहे. तांब्याच्या लवचिक केबलचा मीटरमागे विरोध असा असतो: १६ स्क्वेअर एमएमला १.२१ मिलिओम, २५ ला ०.७८, ३५ ला ०.५५, ५० ला ०.३९. बॅटरीपासून विंचपर्यंत दोन मीटर जाणं आणि दोन मीटर येणं धरलं, तर ४०० अँपिअरला १६ च्या केबलमध्ये १.९ व्होल्ट गळतात, २५ मध्ये १.२५, ३५ मध्ये ०.९ आणि ५० मध्ये ०.६. नुसता एक सैल किंवा गंजलेला जोड पाच मिलिओमचा असेल, तर तिथे २ व्होल्ट जातात आणि त्या जोडावर ८०० वॅट उष्णता निघते. कपड्यांची इस्त्री तेवढीच तापते. लगजवळचं (केबलच्या टोकाच्या धातूच्या कडीजवळचं) इन्सुलेशन तपकिरी पडलेलं किंवा आक्रसलेलं दिसलं, तर चोर सापडला.

मोजमाप नेमकं करा. लागणारी साधनं: साधा डिजिटल मल्टिमीटर, तोही शक्यतो किमान-कमाल आकडा धरून ठेवणारा, आणि केबलभोवती अडकवून डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर. घरातल्या वायरिंगवाल्यांकडचा क्लॅम्प मीटर बहुधा फक्त एसी मोजतो, तो इथे शून्य दाखवेल. मीटरच्या तारा चार मीटर लांब करून घ्या, म्हणजे वाचन गाडीत बसून करता येईल. भाराखालच्या दोरापाशी वाकून मीटर बघायचा नाही.

भार असा द्या: हलक्या चढावर, पक्क्या जमिनीवर गाडी उभी करा, वर भक्कम झाडाला दोर लावा, गियर न्यूट्रल. गाडीतला माणूस ब्रेकवर हलका पाय ठेवेल आणि क्लॅम्प मीटरवर २०० अँपिअर दिसेपर्यंत दाब वाढवेल. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही. इंजिन चालू, १२०० ते १५०० फेऱ्यांवर. मग तीन वाचनं घ्या.

पहिलं, बॅटरीच्या दोन्ही टोकांवर. इथे १०.५ च्या खाली गेलं तर दोष बॅटरीत किंवा चार्जिंगमध्ये. रात्रभर विश्रांती घेतलेली बॅटरी १२.६ दाखवायला हवी, १२.२ म्हणजे अर्धी रिकामी, तिच्यावर विंच चालवू नका. विंचला ६५० किंवा जास्त क्रँकिंग अँपिअरची (स्टार्टरसाठी थोडा वेळ देता येणाऱ्या करंटची) बॅटरी लागते. फक्त अँपिअर-तासांचा आकडा बघून घेतलेली इन्व्हर्टरछाप बॅटरी इथे चालत नाही, तिच्या प्लेटा मंद उपशासाठी बनवलेल्या असतात.

दुसरं, बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकापासून मोटरच्या ज्या टर्मिनलला करंट येतो तिथपर्यंत. २०० अँपिअरला हा फरक अर्ध्या व्होल्टच्या आत हवा. जास्त असेल तर तुकड्यांत मोजा: बॅटरी ते मेन स्विच, स्विचच्या दोन टोकांमध्ये, स्विच ते कॉन्टॅक्टर (म्हणजे सोलेनॉइड किंवा त्यांचा संच), कॉन्टॅक्टरच्या आरपार. ज्या तुकड्यावर आकडा उडी मारतो, तोच काढा.

तिसरं, मोटरच्या अर्थच्या (निगेटिव्ह जोडाच्या) बोल्टपासून बॅटरीच्या निगेटिव्ह टोकापर्यंत. इथे ०.३ च्या आत हवं. हे वाचन कोणी घेत नाही, आणि नेमकं इथेच एक-दीड व्होल्ट सापडतो. कारण साधं आहे: विंच बसवणाऱ्याने पॉझिटिव्हला जाड केबल दिली आणि अर्थ बंपरला किंवा चॅसिसला ठोकून दिला. मध्ये पावडर कोटिंग, गंज आणि चार बोल्ट. अर्थची केबल पॉझिटिव्हइतकीच जाड हवी आणि मोटरच्या अर्थच्या बोल्टपासून थेट बॅटरीपर्यंत जायला हवी. नव्या गाड्यांत निगेटिव्ह टर्मिनलवर बॅटरी सेन्सरची छोटी डबी असते. तिच्यावर जड लग चढवू नका; कंपनीची निगेटिव्ह केबल चॅसिसला जिथे बसते त्या बोल्टवर विंचचा अर्थ घ्या, आणि तिथून बॅटरीकडे जाणारी मूळ केबल बारीक असेल तर तीही जाड करून घ्या.

केबलबद्दल. इंदूरच्या सियागंजात किंवा ट्रान्सपोर्ट नगरात ३५ किंवा ५० ची वेल्डिंग केबल मीटरवर मिळते आणि ती या कामाला उत्तम असते: लवचिक, बारीक तारांची. फसवणूक एकाच ठिकाणी होते. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची केबल तशीच दिसते. एक तार ब्लेडने खरवडा. आतून पांढरी निघाली तर घेऊ नका. वजनाने हलकी असणं हीसुद्धा खूण आहे. लग तांब्याचा, टिन चढवलेला, केबलच्या मापाचा, आणि तो हायड्रॉलिक प्रेसनेच दाबून घ्या. हातोड्याने चेपलेला किंवा नुसता सोल्डर भरलेला लग पहिल्या पावसाळ्यात ठीक वाटतो. नंतर तापतो, सोल्डर मऊ पडतो, जोड ढिला होतो. दाबल्यावर आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी चढवा, म्हणजे चिखलाचं पाणी तारांमधून वर चढणार नाही.

कटकट, आणि त्याहून वाईट: न थांबणारी विंच

कॉन्टॅक्टरची कॉइल पुरेसं व्होल्टेज मिळालं तरच संपर्क घट्ट धरते. व्होल्टेज पडलं की पकड सुटते. पकड सुटली की करंट तुटतो, व्होल्टेज परत चढतं, पकड पुन्हा बसते. ऐकू येणारी कटकट ती हीच. प्रत्येक कटसरशी शेकडो अँपिअरची ठिणगी संपर्कांवर पडते. तांबं वितळतं, खड्डे पडतात, विरोध वाढतो, व्होल्टेज आणखी पडतं. म्हणून कटकट सुरू झाली की बटण ताबडतोब सोडा. पुन्हा पुन्हा दाबून विंचला हुरूप देण्याची जी सवय असते, तीच सोलेनॉइड मारते.

शेवटची पायरी म्हणजे संपर्क एकमेकांना चिकटणं. मग बटण सोडलं तरी विंच ओढतच राहते: हुक फेअरलीडमध्ये (दोर ज्यातून बाहेर येतो त्या पुढच्या चौकटीत) अडकतो, दोर ताणून तुटतो किंवा बंपर वाकतो. यावर एकच उपाय आहे: पॉझिटिव्ह केबलमध्ये मेन आयसोलेटर स्विच, किमान ३०० अँपिअर सतत पेलणारा, आणि तो बॉनेट न उघडता हाताला लागेल असा. विंच वापरताना सुरू, काम संपलं की बंद. विंचच्या पॉझिटिव्ह केबलला बहुतेक उत्पादक फ्यूज देत नाहीत. मग अपघातात केबल बंपरच्या धारेवर कापली गेली तर आग थांबवायला या स्विचशिवाय दुसरं काही नसतं. केबल लवचिक कंड्युइटमधूनच न्या, आणि एक्झॉस्ट व रेडिएटर पंख्यापासून दूर.

कॉन्टॅक्टर खराब झालाय का, हे ओमच्या रेंजवर कळत नाही. मिलिओम त्या मीटरला दिसतच नाहीत. भाराखाली त्याच्या आरपारचं व्होल्टेज मोजा. २०० अँपिअरला ०.२ च्या वर गेला तर तो थकला. बदलताना चार वेगळ्या सोलेनॉइडच्या जुन्या रचनेऐवजी दोन्ही दिशा सांभाळणारा एकत्र रिव्हर्सिंग कॉन्टॅक्टर घ्या, जोड कमी होतात. पण आधी केबल आणि अर्थ दुरुस्त करा. नाहीतर नवा कॉन्टॅक्टरही त्याच रस्त्याने जाईल.

वायरलेस रिमोट असेल तर आणखी एक शक्यता आहे. स्वस्त रिसीव्हर व्होल्टेज पडलं की स्वतःच बंद पडतो आणि कटकटही न होता विंच थांबते. तारेचा रिमोट लावून बघा. त्यावर ओढ पुढे चालू राहिली तर कळलंच. तारेच्या रिमोटच्या सॉकेटमध्ये हिरवट बुरशीसारखा गंज असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, पिना ताठ करा, रबरी टोपण नवं लावा. काही विंचांना तापमानाचं संरक्षण असतं. त्याने विंच बंद केली तर दहा-पंधरा मिनिटं थांबण्याखेरीज काही करायचं नसतं, आणि त्याला बायपास तर मुळीच करायचं नाही.

मोटर

व्होल्टेज ठीक असूनही विंच मंद असेल तर मोटर थेट तपासा. हुक आणि दोर मोकळा, क्लच फ्री-स्पूलवर, म्हणजे ड्रम मोटरपासून सुटा. सिरीज मोटरवर ए, एफ-१, एफ-२ असे तीन टर्मिनल आणि एक अर्थचा बोल्ट असतो. कॉन्टॅक्टरच्या केबली काढा, ए आणि एफ-१ जाड तुकड्याने जोडा, अर्थ बॅटरीच्या निगेटिव्हला, आणि एफ-२ ला जंपर केबलने क्षणभर पॉझिटिव्ह द्या. मग ए आणि एफ-२ जोडून एफ-१ ला द्या. दोन्ही दिशांना जोरात फिरली तर मोटर ठीक, दोष कंट्रोलमध्ये. एकाही दिशेला फिरली नाही तर दोष मोटरमध्ये. फिरते पण अडखळते, तर ब्रश झिजलेत किंवा कम्युटेटरवर चिखलाचा थर आहे. चोरल नदीच्या पात्रात बुडालेली मोटर बाहेरून कोरडी दिसली तरी आत पाणी धरून असते. मागचं झाकण काढून वाळवा, ब्रश मोकळे सरकतात का बघा, झाकणाच्या कडेला नवं सील द्या.

नो-लोड करंट मोजायला विसरू नका. दोर सैल असताना १५० अँपिअरच्या वर जात असेल तर मोटर नव्हे, बैठक बघा. विंचचे चार बोल्ट २५४ बाय ११४ मिलिमीटरच्या आयतावर असतात आणि दोन्ही टोकांची हाउसिंग दोन दांड्यांनी जोडलेली असते. प्लेट सपाट नसेल, वेल्डिंगने वाकली असेल, तर बोल्ट कसताना ही दोन टोकं एकमेकांच्या रेषेतून पिळली जातात. ड्रम बुशिंगमध्ये घासतो, ब्रेक अर्धवट लागलेला राहतो, फ्री-स्पूलचा खटका जड होतो. खात्री करायची तर चारही बोल्ट अर्धा फेरा सैल करून करंट पुन्हा मोजा. उतरला, तर प्लेट सरळ करून घ्या किंवा पातळ शिम (पत्र्याची चकती) द्या. प्लेट ६ मिलिमीटरपेक्षा पातळ नको, बोल्ट एम-१० चे, ८.८ ग्रेडचे, सुमारे ४५ न्यूटन-मीटरने कसलेले. लांब बोल्ट तळाला टेकून खोटी घट्टाई दाखवतो. वॉशर धरून लांबी मोजून घ्या.

जाता जाता: पुढे बाहेर आलेले लोखंडी गार्ड बसवून त्यावर विंच चढवू नका. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राच्या परिवहन मंत्रालयाने अशा क्रॅश गार्डना मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ विरुद्ध ठरवून राज्यांना कारवाई करायला सांगितलं होतं. कंपनीच्या बंपरमागे चॅसिसला धरणारी बंदिस्त प्लेट जास्त भक्कमही असते.

ब्रेक धरत नाही, दोर खाली घसरतो

ओढून थांबवल्यावर गाडी हळूहळू मागे सरकते, ही तक्रार आली की आधी दोर ड्रमवर कुठल्या बाजूने येतो ते बघा. तो ड्रमच्या खालच्या बाजूने, बैठकीच्या लगत यायला हवा. कधी दोर पूर्ण सोडून बटण तसंच दाबून ठेवलं की ड्रम उलटा गुंडाळू लागतो आणि दोर वरून येतो. किंवा मोटरच्या केबली अदलाबदल झालेल्या असतात आणि ‘आत’चं बटण ‘बाहेर’ फिरवतं. दोन्हींत ब्रेक चुकीच्या दिशेला काम करतो आणि भार धरत नाही. विंच उघडून ब्रेक बदलण्याआधी हे दोन मुद्दे तपासा, अर्ध्या तक्रारी इथेच मिटतात.

ड्रमच्या आत बसणारा ब्रेक भाराखाली दोर सोडताना प्रचंड तापतो. म्हणून उतारावर गाडी विंचने खाली उतरवणं हे या यंत्राचं काम नाही. सिंथेटिक दोर साधारण १४५ अंश सेल्सिअसला वितळतो, आणि त्याचा सगळ्यात आतला थर नेमका त्या गरम ड्रमला टेकलेला असतो. कडक, चकाकणारा, काचेसारखा तुकडा दिसला की तो भाग कापून टाका.

वायर रोपला किमान ५ वेढे ड्रमवर ठेवा, सिंथेटिकला १०. ड्रमवरचा दोराचा खिळा किंवा पट्टी भार घेण्यासाठी नसते, भार वेढ्यांचं घर्षण घेतं. सैल गुंडाळलेल्या दोरात वरचा वेढा भाराखाली खालच्या थरात घुसतो, तिथे चेपतो आणि सोडताना उलटा गुंडाळू लागतो. म्हणून प्रत्येक वापरानंतर सव्वादोनशे किलोच्या आसपास ताण ठेवून, सगळे वेढे शेजारी शेजारी बसवून गुंडाळा. गाडी हलक्या चढावर स्वतःला ओढत नेली की हा ताण आपोआप मिळतो. वायर रोपवरून सिंथेटिकवर येत असाल तर जुना रोलर फेअरलीड ठेवू नका. तारेने पाडलेल्या खाचा आणि धातूचे बारीक काटे नवा दोर एका मोसमात कापतील. अॅल्युमिनियमचा गुळगुळीत, बिनरोलरचा हॉझ फेअरलीड लावा.

ओढताना

ड्युटी सायकल हा शब्द वॉरंटी कार्डवर असतो आणि कोणी वाचत नाही. पूर्ण भारावर अनेक विंचांना पंधरा मिनिटांत फक्त ४५ सेकंद परवानगी असते. सरावात मध्यम भारावर अर्धा मिनिट ओढ, दोन मिनिटं विश्रांती, इंजिन चालूच. मोटरच्या अंगावर हात ठेववत नसेल तर काम थांबवा. बॅटरी कमजोर असताना विंच मंद चालते, तेवढंच काम जास्त वेळ घेतं, म्हणून मोटर जास्त तापते. घाई असेल तेव्हाच थांबण्याची खरी गरज असते.

जाड चामड्याचे हातमोजे, हुकला नेहमी हाताचा पट्टा, दोराच्या मध्यावर जाड डॅम्पर (दोर तुटला तर त्याची उसळी दाबणारं वजन). नसेल तर ओली गोणी चालते, पण घसरून पडणार नाही अशी बांधा. हुक दोरालाच परत अडकवायचा नाही, झाडाला ७५ मिलिमीटर रुंद पट्टा, तोही शक्य तितका खाली. विजेचा खांब, शेताच्या कुंपणाचा दगडी खांब किंवा बांधावरची कोवळी बाभूळ यांना दोर लावू नका. दोराच्या दीडपट अंतराच्या आत रिमोटवाल्याखेरीज कोणी नको, तोही ताणाच्या रेषेत नव्हे, उघड्या दाराआड किंवा गाडीच्या आत. ताणलेल्या दोरावरून ओलांडून जाणं, मध्येच जाऊन शॅकल नीट करणं, हे कोणत्याही कारणाने नाही. आणि कायनेटिक (ताणला जाऊन झटका देणारा) दोर विंचला जोडून झटका द्यायचा नाही. गिअर आणि ब्रेक दोन्ही त्या झटक्यासाठी बनवलेले नसतात.

एकटी विंच थांबत असेल तर चाकं हळू फिरवून मदत द्या, पहिल्या लो गियरमध्ये, टायर न घसरवता. चाकाने दोरापेक्षा पुढे पळून दोर सैल केला की पुढचा धक्का ड्रमवर येतो. बाजूने ओढायचं असेल तर १० ते १५ अंशांपेक्षा जास्त तिरकं नको. दोर ड्रमच्या एका टोकाला ढीग करतो आणि दांडीला घासतो. तसं झालं तर थांबा, दोर सोडा, ढीग मोकळा करून पुन्हा गुंडाळा.

महिन्यातून एकदा विंच दोन्ही दिशांना मिनिटभर चालवा, क्लच मोकळा करून पुन्हा लावा, रिमोटच्या सॉकेटचं टोपण तपासा. दुरुस्तीनंतर वरचीच तीन वाचनं २०० अँपिअरला पुन्हा घ्या आणि आकडे तारखेसह बॉनेटच्या आतल्या बाजूला पक्क्या शाईने लिहून ठेवा: बॅटरीवर किती, पॉझिटिव्ह बाजूला किती, अर्थच्या बाजूला किती. पुढच्या जूनमध्ये यातला एखादा आकडा दुपटीवर गेलेला दिसला, तर कुठला जोड उघडायचा ते शोधावं लागणार नाही.